कॉम्प्युटर घेत नाही

"कॉम्प्युटर घेत नाही" हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटले त्याला वर्गाबाहेर अंगठे धरून उभे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. (निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी शिक्षा अजून जुन्याच सुचतात!) कॉम्प्युटर बिचारा काही घेतही नाही आणि काही नाकारतही नाही. कुठेतरी कोणीतरी माणसाने बसून एक नियम लिहिलेला असतो आणि तो नियम आपला अर्ज परत फेकत असतो. नियम लिहिणारा समोर नसतो. म्हणून खिडकीतला कारकून यंत्राकडे बोट दाखवतो आणि आपणही मान डोलावून घरी येतो.

आज मला या नियमांशी भांडायचे आहे. सगळ्या नियमांशी नाही हं. मोबाईल क्रमांक दहा आकडी हवा, पिनकोड सहा आकडी हवा, जन्मतारीख उद्याची नको, हे सगळे मान्य. माझे म्हणणे इतकेच की, आपल्याकडच्या अर्जांत जे तपासायला सोपे आहे ते फौजदारासारखे तपासतात, आणि जे तपासायला अवघड आहे, पण ज्यावर माणसाचा हक्क उभा आहे, ते तपासतच नाहीत. ही अवघड गोष्ट म्हणजे नाती. अनेकांची अनेकांशी असलेली नाती. संगणकवाले त्याला मेनी-टू-मेनी म्हणतात. आपण आपले 'अनेकांचे अनेकांशी' म्हणू.

शाळेत मी बरीच वर्षे वेळापत्रक बनवले. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. एका वर्गाला अनेक शिक्षक असतात आणि एका शिक्षकाला अनेक वर्ग. आठवी अ चा तक्ता घेऊन बसा. आठ तास भरलेले, प्रत्येक तासापुढे विषय, विषयापुढे शिक्षक. निर्दोष! आठवी ब चा तक्ता घ्या. तोही निर्दोष. आणि तरी मंगळवारी तिसऱ्या तासाला गणिताचे सर दोन्ही वर्गांत एकदम उभे! चूक अ च्या कागदावर नाही, ब च्या कागदावरही नाही. ती दोन कागदांच्या मध्ये आहे. एकेक कागद कितीही डोळे फाडून तपासला तरी ती दिसणार नाही. म्हणून आम्ही वर्गांचे तक्ते झाले की त्यावरून शिक्षकांचे तक्ते उलटे काढायचो आणि मगच मुख्याध्यापकांची सही घ्यायचो. हे शिकायला कोणालाही संगणकाची पदवी लागली नव्हती.

आता शाळेतून शेतात येऊ.

आपल्या नगर जिल्ह्यात (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण जिभेवर अजून नगरच येते) शेती आहे त्या प्रत्येक घरात एक सातबारा असतो आणि त्या सातबाऱ्याभोवती एक भांडण असते. एका गटात अनेक खातेदार आणि एका खातेदाराचे अनेक गट. सातबारा हा गटाचा कागद. आठ-अ हा खात्याचा कागद. म्हणजे आमच्या शाळेतल्यासारखेच दोन तक्ते, एक या बाजूने आणि एक त्या बाजूने. ज्यांनी हे नमुने बसवले त्यांना नाते दोन्ही बाजूंनी पाहावे लागते हे ठाऊक होते.

तरी जुने सगळे सोन्याचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. जुन्या उताऱ्यांवर 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे पाहिली असतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील गेले की थोरल्या मुलाचे नाव लावायचे आणि त्याच्यापुढे ही तीन अक्षरे लिहायची. बाकीचे भाऊ, बहिणी, आई, सगळे त्या तीन अक्षरांत गडप. एक ओळ, एक नाव. पुढे दोन पिढ्या गेल्यावर 'मॅनेजर'चे नातू म्हणू लागले की आमच्या आजोबांच्या नावची जमीन आहे, तुमचा काय संबंध? संबंध होता, पण लिहायला जागा नव्हती. अनेकांचे नाते एका रकान्यात कोंबले की काय होते त्याची ही साक्ष. २०२५ मध्ये सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला. उशिरा का होईना, चांगले काम. पण ज्या संगणकात ही नावे जाणार त्यात नाती तपासायची काही सोय आहे की पुन्हा ए.कु.मॅ.च होणार, हा माझा प्रश्न आहे. तो का पडला ते सांगते.

माहेरची आमची शेवगाव तालुक्यात सामाईक जमीन आहे. एका गटाचे १ हेक्टर २० आर. थोरले दादा गेले. त्यांच्या जागी वहिनी आणि पुतण्या लागले, धाकटा भाऊ आहे आणि मी. म्हणजे खातेदार चार. आणेवारी सांगायची तर माझे ५ आणे ४ पै, भावाचे ५ आणे ४ पै, वहिनींचे २ आणे ८ पै, पुतण्याचे २ आणे ८ पै. बेरीज बरोबर सोळा आणे. धाकट्या भावाने ठिबकसाठी कर्ज काढायचे ठरवले. तालुक्यातल्या एका संस्थेत (नाव लिहीत नाही, तिथली माणसे वाईट नाहीत) संगणकावर अर्ज भरून घेतात. त्यात 'सहधारक निवडा' असा रकाना होता. भावाने माझ्यासमोर वहिनींच्या, पुतण्याच्या आणि माझ्या नावापुढे खुणा करायला सांगितल्या, ऑपरेटर मुलाने केल्या. 'जतन करा' दाबले. पडद्यावर हिरव्या पट्टीत आले, "अर्ज यशस्वीरीत्या जतन झाला." छापील पावती हातात आली. सहधारकांचा रकाना कोरा.

मुलाला म्हटले, नावे कुठे गेली? त्याने पडदा उघडून पाहिला. तिथेही कोरा. पुन्हा खुणा केल्या, पुन्हा हिरवी पट्टी, पुन्हा कोरा. मग ते प्रसिद्ध वाक्य आले. "बाई, नावं कॉम्प्युटर घेत नाही. पण अर्ज झालाय ना तुमचा. राहू द्या तसंच."

राहू द्या तसंच! सामाईक जमिनीवर कर्जाचा बोजा चढवताना सहधारकांची संमती लागते. रकाना कोरा म्हणजे पुढच्या टेबलावरच्या माणसाला सहधारक नाहीतच. मग संमतीपत्र मागायचे कोणाकडे? माझा भाऊ सरळ आहे, म्हणून यात काही वाकडे होणार नाही. पण ज्या घरात भाऊ सरळ नाही तिथल्या विधवा भावजयीचे काय? तिला कळणारही नाही की आपल्या २ आणे ८ पैवर बोजा चढला. आणि हे सगळे कोणी फसवणूक न करता, कोणी पैसे न खाता, हिरव्या पट्टीत!

नातू पुण्यात हेच काम करतो, वेबसाईटी बनवायचे. त्याला फोनवर सगळे सांगितले. पोरगा हसला आणि म्हणाला, "आजी, हे काय झालंय ते मी न बघता सांगतो." मग त्याने जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. ते आपल्या भाषेत मांडते. चुकले तर त्याला विचारा.

हे लोक वेबसाईट बनवताना सगळे पहिल्यापासून लिहीत नाहीत. तयार चौकटी असतात. त्यातली एक जँगो. कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत ती तयार झाली, २००५ मध्ये सर्वांना खुली केली गेली आणि नाव ठेवले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. (चौकटीला गवयाचे नाव ही कल्पना मला आवडली.) वर्तमानपत्रात तर अनेकांचे अनेकांशी पावलोपावली. त्या चौकटीच्या माहितीपुस्तिकेत हे नाते समजवायला लेख आणि प्रकाशने यांचेच उदाहरण घेतले आहे. एक लेख अनेक ठिकाणी छापून येतो, एका ठिकाणी अनेक लेख.

अशा नात्यासाठी साठवणीत तीन तक्ते लागतात. एक अर्जांचा, एक खातेदारांचा आणि तिसरा नुसत्या जोड्यांचा. अमुक अर्ज, तमुक खातेदार, एक ओळ. पुढचा अर्ज, पुढचा खातेदार, दुसरी ओळ. आता गंमत अशी की नवीन अर्जाला क्रमांकच नसतो. तो जतन झाल्यावर मिळतो. क्रमांक नाही तर जोडी लिहिणार कशी? म्हणून आधी अर्ज जतन होतो आणि जोड्या त्यानंतर. ही दोन कामे आहेत. साधा अर्ज असेल तर चौकट दोन्ही कामे आपणहून करते. पण प्रोग्रामर म्हणाला, "थांब, अजून जतन नको करू, मला यात शाखेचे नाव भरायचे आहे," तर चौकट थांबते. मग तो शाखा भरतो, अर्ज जतन करतो. जोड्या जतन करायची आज्ञा त्याला आता वेगळी द्यावी लागते. सेव्ह-एम-टू-एम असे काहीतरी तिचे नाव. ती द्यायची राहिली तर? काहीच होत नाही. चौकट ओरडत नाही. लाल अक्षरे नाहीत. अर्ज झाला, नाती गळाली, आणि वर हिरवी पट्टी.

नातू म्हणाला, नवशिक्याची ही अगदी ठरलेली चूक. तिथल्या अर्जाचे नक्की हेच झाले असेल असा त्याचा अंदाज, आणि तो मला पटला. पण मला राग नवशिक्याचा नाही. चुका मुले करतातच, त्यासाठीच आपल्याला पगार होता. राग याचा की अर्ज जतन झाल्यावर तो पुन्हा उघडून, तीन निवडले होते, तीन बसले का, हे एकदा मोजून पाहावे असे कोणाला वाटले नाही. सहलीला बसमध्ये चढवताना मुले मोजतो आणि उतरवल्यावर पुन्हा मोजतो. "बस यशस्वीरीत्या पोचली" म्हणून कोणी घरी जात नाही!

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. अर्जात नावांपुढे चौकोन असतात. खूण केली तर ते नाव पाठवले जाते. खूण नसेल तर काहीच पाठवले जात नाही, "नाही" असेसुद्धा नाही. म्हणजे 'मी नको म्हटले' आणि 'मला कोणी विचारलेच नाही' या दोन गोष्टी संगणकाला सारख्याच दिसतात. आणि जुना अर्ज दुरुस्तीला उघडून पुन्हा जतन केला, की त्या यादीत ज्यांच्यापुढे खूण आली नाही त्यांची आधीची जोडी पुसली जाते. चौकट म्हणते, आता आलेली यादी हीच खरी यादी.

आपल्याकडच्या बहिणींना हे नवीन नाही. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला. तरी किती घरांत बहिणीचे गप्प बसणे हेच हक्कसोड समजले जाते ते मी काय सांगावे. पण निदान कायद्यात हक्कसोडपत्र लेखी लागते, सही लागते, नोंदणी लागते. गप्प बसण्याला कायदा संमती मानत नाही. मग अर्ज का मानतो? खातेदाराचे नाव जोडीतून काढायचे तर 'काढा' असे स्पष्ट सांगायला लावा. विचारल्याशिवाय पुसायचे नाही, एवढा एक नियम लिहायला किती ओळी लागतात? नातू म्हणतो दहा-बारा.

आता बेरजेकडे वळते. नावनिवडीच्या रकान्यात चौकट आपणहून तपासते ते एवढेच की, निवडलेले प्रत्येक नाव यादीत आहे ना. एकेक नाव. वहिनी आहेत का? आहेत. पुतण्या आहे का? आहे. पण सगळ्यांचे हिस्से मिळून सोळा आणे होतात का, हे तपासायचे तर ते प्रोग्रामरने स्वतः लिहायचे आणि योग्य जागी लिहायचे. योग्य जागी म्हणजे अर्जाच्या तपासणीत, जिथे निवडलेली सगळी नावे एकत्र समोर असतात. नुसत्या नोंदीच्या तपासणीत लिहून उपयोग नाही, कारण नवीन नोंदीला तेव्हा जोड्याच नसतात. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते, असे तो म्हणाला. ते इथे लिहून पाहतात, चौकट त्यांच्यावर चिडते, मग ते तपासणीच काढून टाकतात. वा रे न्याय!

आणि बेरीज तपासतानाही डोके लागते. आमच्या शेजारच्या गटात सात भाऊ. १ हेक्टर २० आरचे सात हिस्से केले तर प्रत्येकी ०.१७१४ आणि पुढे न संपणारे आकडे. रकान्यात दोनच घरे असली तर प्रत्येकाला ०.१७. साता सतरा एकशे एकोणीस. एक आर गेला कुठे? आता बेरीज काटेकोर तपासणारा नियम लिहिला तर सात प्रामाणिक भावांचा अर्ज परत, आणि नियमच नसला तर कोणीही कितीही लिहावे. कोणी म्हणेल, आणे-पै परत आणा. एक रुपया म्हणजे १९२ पै, त्याला दोनने, तीनने, चारने, सहाने, आठने, बाराने भाग जातो, म्हणून आपल्या आजोबांनी तिहाई-पाव सगळे त्यात बसवले. पण सातने त्यालाही भाग जात नाही. उत्तर पाचवीच्या पुस्तकात आहे. हिस्सा अपूर्णांकात ठेवा, एक सप्तमांश असा, आणि बेरीज अपूर्णांकांची करा. क्षेत्र त्यावरून काढून दाखवा. जमिनीच्या अर्जाला पाचवीचे गणित फार झाले का?

यात आणखी एक पाचर आहे, ती मला आधी समजली नव्हती, मग शाळेच्या प्रयोगशाळेवरून समजली. समजा, गटातले आठ आणे शिल्लक आहेत. एका टेबलावर एक ऑपरेटर ते आठ आणे एका वारसाला लावतो आहे, दुसऱ्या टेबलावर दुसरा ऑपरेटर त्याच क्षणी दुसऱ्याला. दोघांच्याही पडद्यावर 'शिल्लक ८ आणे'. दोघांचीही बेरीज बरोबर. दोघेही जतन करतात. झाला चोवीस आण्यांचा रुपया! प्रयोगशाळेच्या तासांची नोंदवही एकच असायची आणि ती टेबलाला दोरीने बांधलेली असायची, त्याचे कारण हेच. संगणकातही अशी दोरी बांधता येते. एकाचे काम पुरे होईपर्यंत त्या गटाची नोंद दुसऱ्याला बदलू द्यायची नाही आणि काम सगळे तरी होऊ द्यायचे नाहीतर काहीच नाही. सोय आहे, ती वापरावी लागते.

शिवाय अर्ज हा एकच दरवाजा नसतो. मार्चअखेर आला की एक्सेलच्या याद्या मागच्या दाराने थेट साठवणीत ओततात. अर्जावर लिहिलेल्या तपासण्या त्या दाराला नसतात. समोरच्या दारावर वॉचमन आणि परसदार उघडे... शेतकऱ्याला मात्र समोरच्याच दाराने यावे लागते, तिथे त्याच्या नावातला 'राव' आधारवर आहे आणि उताऱ्यावर नाही म्हणून त्याला तीन खेपा. माझेच पाहा. माहेरच्या उताऱ्यावर मी वडिलांच्या नावाने, आधारवर नवऱ्याच्या. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न येणार हे नियम लिहिणाऱ्याच्या आईला विचारले असते तरी कळले असते.

इथे कोणी म्हणेल, बाई एका गळक्या अर्जावरून सगळ्या राज्याला धारेवर धरताहेत. बरे, राज्याचेच उदाहरण घेऊ. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ, पण मर्यादा कुटुंबाला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले. नीट पाहा, हेच आपले अनेकांचे अनेकांशी. एका कुटुंबात अनेक कर्जदार, एका कर्जदाराची अनेक बँकांत खाती. नवऱ्याचे कर्ज जिल्हा बँकेत, बायकोचे राष्ट्रीयीकृत बँकेत. दोन्ही बँकांच्या याद्या आपापल्या जागी अचूक असल्या तरी कुटुंबाची मर्यादा ओलांडली की नाही हे त्यांतल्या एकाही यादीत दिसणार नाही. गणिताचे सर आणि मंगळवारचा तिसरा तास! ऑनलाईन अर्ज भरायला रांगा लागल्या, बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली, आणि ताडून पाहायची वेळ आली तेव्हा ऑक्टोबरात बातम्या आल्या की एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकरी निघाले आहेत. एक माणूस एक आधार, ही तपासणी माहिती आत घेतानाच व्हायला हवी होती. ती कर्जमाफीच्या याद्या करताना झाली. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची दुसरी योजना आली, दोन लाखांची, आणि तिच्यात कुटुंबाऐवजी एकेकटा शेतकरी धरला. लोकांना ते सोपे पडले, हे खरे. पण मला त्यात एवढेच दिसले की नाते तपासायला जमले नाही, तेव्हा नातेच नियमातून काढून टाकले.

आमच्या जिल्ह्याला हा विषय काही आजचा नाही. १८७५ च्या उन्हाळ्यात पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारात जाऊन खतपत्रे जाळली. सुरुवात सुप्याला झाली आणि लोण आपल्याकडे पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत आले. मारामारीपेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, हे लक्षात घ्या. कारण कागदावर सगळे बरोबर होते. तारीख होती, रक्कम होती, अंगठा होता. कुळाने घेतले किती आणि लिहिले किती, एवढेच काय ते त्यात नव्हते. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी इंग्रजांनी कायदा केला, त्यात दोन गोष्टी होत्या. एक, शेतकऱ्याचे खत गावपातळीवरच्या निबंधकासमोरच लिहायचे. दुसरी, दावा आला की न्यायाधीशाने नुसते खत पाहून निकाल द्यायचा नाही, खताच्या मागे जाऊन देण्याघेण्याचा सगळा इतिहास तपासायचा. कायदा किती पाळला गेला तो वेगळा विषय. पण रकाने भरलेले असणे म्हणजे व्यवहार खरा असणे नव्हे, हे दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारलाही कबूल करावे लागले. आणि तेही आपल्या नगरच्या शेतकऱ्यामुळे.

नातवाच्या मित्रांशी मी यावर बोलले. (हल्ली ते व्हिडिओवर चौघे एकदम दिसतात, तोंडी परीक्षेसारखे वाटते.) त्यातल्या एकाने चांगला मुद्दा काढला. म्हणाला, "आजी, तुम्ही म्हणता तसं सगळं कडक तपासलं तर कोणाचाच अर्ज आत जाणार नाही. पुतण्या चाकणला, वहिनी गावी, तुम्ही नगरला. संमती कधी गोळा होणार?" मुद्दा खरा आहे. पण त्याचे उत्तरही आपल्याच तलाठी कचेरीत आहे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे.)

फेरफार कसा होतो पाहा. वर्दी आली की ती आधी नोंदवहीत घेतात, गाव नमुना सहा. नाकारत नाहीत. पण लगेच सातबाराही बदलत नाहीत. ज्यांचा ज्यांचा त्या जमिनीत संबंध आहे त्या सगळ्यांना नोटीस काढतात. पंधरा दिवस वाट पाहतात. कोणी हरकत घेतली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत जाते, नमुना सहा-अ. नाही घेतली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच उतारा बदलतो. जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५०. प्रत्यक्षात नोटिसा पोचत नाहीत, चहापाणी लागते, सगळे मला ठाऊक आहे. पण आराखडा पाहा ना! घ्या, पण कच्चे घ्या. नात्याच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस आहे त्याला विचारा. त्याने सांगेपर्यंत पक्के करू नका. अनेकांचे अनेकांशी असलेले नाते तपासणारा खरा परीक्षक त्या नात्यातलाच माणूस असतो, कॉम्प्युटर नव्हे आणि कारकूनही नव्हे. आज तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे. "अमुक गटावरच्या कर्जाच्या अर्जात तुमचे नाव सहधारक म्हणून घेतले आहे किंवा वगळले आहे, हरकत असल्यास कळवा," एवढा मराठी निरोप वहिनींना पाठवायला काय लागते? वहिनी वाचतात. चौथीपर्यंत शिकल्या आहेत आणि स्वतःच्या नावाच्या बाबतीत पदवीधरांपेक्षा दक्ष आहेत.

त्या चौघांपैकी एकजण गप्पच होता. शेवटी म्हणाला, "आजी, आमचा क्लायंट यासाठी पैसे देत नाही." हे मात्र मी ऐकून घेतले नाही. मोबाईल क्रमांक दहा आकडी आहे की नाही ते तपासायचे वेगळे पैसे घेता का? ते जसे अर्जाच्या आत आलेच, तसे हेही आलेच पाहिजे.

पावतीवर मी त्या दिवशी तीनही नावे हाताने लिहून घेतली, हिश्श्यांसकट, आणि त्यावर शिक्का मारून घेतला. ऑपरेटर मुलगा थोडा वैतागला, पण शिक्का नीट मारला. पुढच्या टेबलावर ती पावती कोण वाचणार आणि संगणकातला कोरा रकाना कोण, ते आता बघायचे.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांत तुमच्यासारखे या धंद्यातले बरेच आहेत हे मला तुमच्या प्रतिसादांवरून कळते, आणि आमच्या घरातले तर निम्मे तेच करतात. तेव्हा गृहपाठ. तुम्ही केलेल्या एखाद्या अर्जात तीन नावे निवडा, जतन करा, पान बंद करा, पुन्हा उघडा आणि मोजा. मग त्यातल्या दुसऱ्याच एका रकान्यात काना-मात्रा बदलून पुन्हा जतन करा आणि परत मोजा. नातवाने शनिवारी स्वतःच्या कामावर हे करून पाहिले. अकरा अर्जांपैकी दोनांत नावे कमी भरली. तुमच्यात किती भरतात ते खाली लिहा, मी वहीत मांडते आहे.